अनारकानची अस्सल कॉपी

ओश शहरात कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम विकत घेतलेला माणूस शोधून सापडला नसता. दाताच्या डॉक्टरनं घेतला नव्हता, फोटो स्टुडिओवाल्यानं नाही, घरांचे नकाशे काढणाऱ्या इंजिनियरनं तर नाहीच. आधी बाजारात समोशांच्या भट्टीशेजारी डिस्क मिळायच्या, मग पेन ड्राइव्ह फिरायला लागले, मग जो तो घरबसल्या फुकट उतरवून घ्यायला लागला. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. असल्या गावात अनारकानला सोवळं पाळायची बुद्धी झाली, आणि तेही नवऱ्याच्या थडग्यासाठी. देव जाणे कुठून झाली. खरं म्हणजे देव कशाला, कुठून झाली ते सगळ्यांना माहीत आहे. तिच्या थोरल्या दिरामुळं झाली.

अनारकान मूळची नारीनकडची, उत्तरेच्या डोंगरातली. तांत्रिक शाळेतून शिकून ओशच्या सरकारी डिझाइन ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून आली. गोठे, कालवे, शाळांचे संडास, जे सांगतील ते तिनं शाईच्या पेननं कागदावर उतरवलं. तिथल्याच ट्रकवर इस्मानाली ड्रायव्हर होता. मितभाषी, सुपारीएवढा शब्द बोलायचा आणि तोही चघळून. दोघांनी लग्न केलं तेव्हा सासरचे म्हणाले, वरची बाई आणलीय, हिला पुलाव करता येत नाही. पुलाव तिला पुढं उत्तम यायला लागला, पण ती वरचीच राहिली. मूल झालं नाही, मग तर ती अधिकच वरची झाली.

मोठा देश फुटला, ऑफिस बंद पडलं. बरोबरच्या बायका बाजारात मोजे विकायला बसल्या. अनारकान मात्र पन्नाशीत कॉम्प्युटर शिकली. एक बोट, मग दोन बोटं, असं करत शिकली, आणि एर्गेशच्या दगडाच्या कारखान्यासाठी थडग्यांची ड्रॉइंग काढायला लागली. एर्गेशकडं दगडावर कोरणारं यंत्र होतं. ही घरी बसून नाव, तारखा, वेलबुट्टी असं सगळं आखून द्यायची आणि यंत्र ते जसंच्या तसं कोरायचं. ती ज्या प्रोग्रामवर काढायची तो अर्थातच चोरीचा होता. एर्गेशनंच घालून दिलेला. ओशच्या मातीत निम्मी माणसं चोरीच्या प्रोग्रामच्या दगडाखाली झोपली आहेत, आणि एकानंही तक्रार केलेली नाही.

मग इस्मानाली गेला. हिवाळ्यात छातीत कळ आली आणि संध्याकाळच्या आत खलास. घराण्याच्या कबरस्तानात, भिंतीकडच्या कोपऱ्यात त्याला पुरलं. शेजारी एका माणसाची जागा मोकळी होती.

त्या जागेवर अनारकानचा जीव अडकला. दुसरं काही तिला नको होतं. घर नाही, ट्रकचा जुना सांगाडा अंगणात होता तो नाही. तिला फक्त मेल्यावर त्याच्या शेजारी पडायचं होतं. पण कबरस्तानात कोण कुठं जाईल हे घरातला थोरला ठरवायचा, आणि थोरला होता ताशमत.

ताशमत अकानं, अका म्हणजे दादा, उभं आयुष्य बाजारात बूट विकले. बुटांवर मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची नावं असायची आणि पहिल्या पावसात ती नावं सुटून यायची. मग तो हजला जाऊन आला, दाढी वाढवली, आणि त्याला दुनियेतला खोटेपणा दिसायला लागला. स्वतःचं दुकान सोडून सगळीकडं दिसायला लागला. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला अनारकाननं जागेचा विषय काढला तेव्हा तो हाडावरचं मांस सोलत म्हणाला, "बघू, केलिन. वर्षश्राद्ध होऊ दे. घाई काय, तू काय उद्या मरतेयस?"

केलिन म्हणजे घरात आणलेली सून. साठीला टेकलेली अनारकान अजून केलिनच होती. त्याची बायको तुर्सुनाय शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "हिची माणसं आहेत की तिकडं वर. थंड हवा, ताजी माती." बायका हसल्या. अनारकानही हसली, कारण न हसून करते काय.

वर्षश्राद्धाला थडग्यावर दगड बसवतात. त्याचं ड्रॉइंग आपणच काढायचं हे अनारकाननं ठरवून टाकलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी रेघा ओढल्या, आता एकदा स्वतःच्या माणसासाठी. ताशमतला हे सांगायला गेली तर तो म्हणाला, "काढ की. पण चेहरा नको, आपल्यात चालत नाही."

"चेहरा नाही काढत, अका."

"आणि तुझा तो प्रोग्राम. तो चोरीचा ना?"

अनारकान म्हणाली, "सगळ्यांचाच चोरीचा असतो."

"सगळ्यांच्या थडग्याशी मला काय करायचंय? माझ्या भावाच्या दगडावर चोरीची रेघ नको. स्वच्छ कमाईचं पाहिजे, हलाल पाहिजे. ते जमत नसेल तर बाजारात तयार दगड मिळतात. मी आणतो."

हे त्यानं तिला कटवायला म्हटलं होतं. तो म्हणाला आणि विसरला. ती विसरली नाही. ही बाई आयुष्यभर सांगितलेल्या मापानं काम करत आलेली, तिला वाटलं माप सांगितलंय. त्यात तिला आनंदही झाला. इस्मानालीनं कधी ऑफिसच्या ट्रकमधलं डिझेल विकलं नव्हतं, बाकीचे सगळे विकायचे. अशा माणसाला अस्सल रेघच शोभेल असं तिला मनापासून वाटलं.

गावातल्या एका विद्यापीठात कॉम्प्युटरच्या खोलीत एल्दियार अगाय बसायचे. अगाय म्हणजे मास्तर, जसं वडीलधाऱ्या बाईला अपा म्हणतात, म्हणजे ताई. विद्यापीठाला मोठ्या सवलतीत प्रोग्राम मिळायचे, आणि अगाय ते बाहेरच्यांनाही देतात अशी कुजबुज होती. बाहेरून घेणारे फारसे नव्हतेच, फुकट मिळत असताना कोण मरायला घेईल. अनारकान कानातले डूल विकून तिथं गेली. अगाय काचेच्या पेल्यातून चहा पीत होते.

"हे अस्सल आहे ना, अगाय?"

"अपा, कंपनीकडून आलंय. अस्सल म्हणजे किती अस्सल पाहिजे?"

"मग इतकं स्वस्त कसं?"

"विद्यापीठाला सवलत असते."

"पण मी विद्यापीठात नाही."

"आजपासून आहात. संध्याकाळच्या वर्गात तुमचं नाव घालतो. फक्त येऊ नका, खुर्च्या कमी आहेत."

"म्हणजे परवाना माझ्या नावावर?"

"तुमच्याच."

"ह्यावर मी थडग्याचा दगड काढला तर चालेल? दगड खरा बसवायचाय. लोक बघणार."

अगायांनी पेला खाली ठेवला. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं. पण डूल विकून आलेलं गिऱ्हाईक समोर होतं. "अपा, थडगं काढा, घोड्याचा तबेला काढा, तुमचा प्रोग्राम आहे," ते म्हणाले, आणि एका कागदावर चार ओळी खरडून त्याखाली विभागाचा गोल निळा शिक्का मारला. ओशमध्ये गोल निळा शिक्का बघितला की माणसाची शंका तिथंच मिटते. अनारकानचीही मिटली. कागद तिनं घरी नेऊन कुराणाच्या शेजारी ठेवला.

प्रोग्राम सुरू करताना दर वेळी पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं. तिला रशियन यायचं, इंग्रजी नाही. बटण दाबलं की ते जायचं. तीही बटण दाबायची.

मग तिनं असा दगड काढला की एर्गेशच्या कारखान्यात आजवर कुणी काढला नसेल. उजव्या अर्ध्या भागात इस्मानालीचं नाव, खाली तारखा, खाली कुराणातली साधी आयत. डावा अर्धा भाग कोरा. मधून एक बारीक वेल दोन्ही भागांना धरून खालपर्यंत उतरलेली. आणि भोवतीचा लोखंडी कठडा दोन माणसांच्या रुंदीचा. किती दिवस ती त्या वेलीच्या वळणावर अडून बसली. पान काढायची, पुसायची, डोळे पुसायची, परत काढायची. नवरा गेल्यापासून तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

ताशमतला तिनं घरी बोलावून पडद्यावर दाखवलं. शिक्क्याचा कागदही दाखवला. त्यानं शिक्का उजेडात धरून बघितला, नाक मुरडायला जागा सापडेना.

"ही रिकामी बाजू कशाला?"

"शोभेला."

"शोभेला," तो म्हणाला. त्याला बरोबर कळलं होतं. तुर्सुनाय दारात उभी होती, तिलाही कळलं. "ठीक आहे. दगड नीट झाला, चारचौघांनी नावाजला, तर कठडा राहील तसाच. मग जागा तुझी. माझा शब्द."

तुर्सुनायसमोर शब्द दिला होता, म्हणजे फिरवता येणार नव्हता. त्या रात्री अनारकाननं इस्मानालीच्या रिकाम्या उशीला सगळं सांगितलं.

आता खरी गंमत इथं आहे, आणि गंमत म्हणताना जीभ जड होते. शिकणाऱ्यांच्या कॉपीत कंपनीनं एक खोड घालून ठेवलेली असते. पडद्यावर काही दिसत नाही. पण ड्रॉइंग कागदावर किंवा यंत्रावर उतरलं की चारी कडांना एक ओळ आपोआप उमटते. फुकट्यांच्या फोडलेल्या कॉपीत ही ओळ येत नाही. चोर सगळ्यात आधी तीच काढून टाकतात.

एर्गेशनं पेन ड्राइव्ह यंत्राला लावला आणि यंत्रानं दाखवलेल्या आराखड्यात त्याला दगडाच्या चारी बाजूंनी इंग्रजी अक्षरं दिसली. तो जरा थांबला. हल्ली लोक दगडावर काय काय लिहून मागायचे. कुणाचा मुलगा सोल शहरात होता म्हणून कोरियन ओळ, कुणाला जर्मन गाडीची खूण. आणि अनारकान अपा नको असलेली एकही रेघ काढत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. फोन करून विचारावं असं एकदा मनात आलं, पण वर्षश्राद्धाच्या गडबडीत विधवेला कशाला त्रास. त्यानं ओळ कोरली. नुसती कोरली नाही, बाकीच्या अक्षरांसारखी तिच्यात सोनेरी रंग भरला. अपांच्या माणसाचं काम म्हणून दोन हात दिले. मग दगड पांढऱ्या कापडात गुंडाळून कबरस्तानात उभा केला, कारण तो वर्षश्राद्धालाच उघडायचा असतो.

त्या दिवशी सकाळी पुरुष कबरस्तानात गेले. बायका जात नाहीत. बायका अंगणात राहिल्या, मोठ्या कढईत गाजरं परतत, मेलेल्याच्या नावानं तेलात पुऱ्या तळत. अनारकान वर्षभराच्या काळ्या कपड्यांत कढईपाशी उभी होती. पुरुष परत आले की तिच्या डोक्यावरचं काळं उतरवून पांढरा रुमाल बांधायचा होता. शोक संपल्याची ती खूण. तो तुर्सुनाय बांधणार होती.

पुरुष आले. अनारकाननं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. म्हातारे खाली बघत होते. तरुण एकमेकांना कोपरानं ढोसत होते. तुर्सुनायचा जावई बेक्तुर शाळेत इंग्रजी शिकवायचा, तो फोन हातात धरून चार पोरांना काही दाखवत होता. एका म्हाताऱ्यानं हात धुता धुता शेजारच्याला म्हटलं, "म्हणजे इस्मानाली सरावासाठी मेला म्हणायचं. पुढच्या खेपेला नीट मरेल." शेजारचा खोकल्याच्या बहाण्यानं हसला.

"काय झालं?" अनारकाननं विचारलं. मग ती बेक्तुरच्या समोर जाऊन उभी राहिली. "दाखव."

फोटोत तिची वेल दिसत होती. इतकी सुंदर उतरली होती की क्षणभर तिला बरंच वाटलं. मग कडांवरची सोनेरी अक्षरं दिसली, वर, खाली, दोन्ही बाजूंना.

"हे काय लिहिलंय?"

"काकी, राहू दे ना."

"वाच."

बेक्तुर मास्तरच होता, वाच म्हटल्यावर त्यानं वाचलं, आणि अंगणभर ऐकू जाईल असं वाचलं. "विद्यार्थ्याची प्रत. फक्त शिकण्यासाठी. प्रत्यक्ष कामासाठी वापरण्यास मनाई." मग म्हणाला, "चारी बाजूंना तेच आहे."

कढईतलं गाजर करपायला लागलं तरी कुणी ढवळेना. अनारकान घरात गेली आणि शिक्क्याचा कागद घेऊन आली. "अका, मी विकत घेतलाय. अस्सल आहे. तुम्ही शिक्का बघितलात."

"शिक्का तुझ्या घरात आहे," ताशमत म्हणाला. "दगड कबरस्तानात आहे. लोक काय वाचणार? माझ्या भावाला शाळेतल्या वहीसारखं केलंस. चाळीस माणसांसमोर माझ्या तोंडाला काळं फासलंस." त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या मागं सुटकाही होती. अनारकानला ती दिसली. दिसली तेव्हा तिला कळून चुकलं की आता काहीही बोलून उपयोग नाही.

"मी तो घासून काढते. एर्गेश घासून देईल."

"नको. दगड मी बाजारातून आणतो. कठडा एकाचा बसेल. शेजारी बाक घालू, मला दुवा वाचायला बसता येईल. गुडघे दुखतात माझे."

तुर्सुनाय पांढरा रुमाल घेऊन आली. विधी थांबवता येत नाही, जेवण थंड होतं. तिनं अनारकानच्या डोक्यावरचं काळं ओढून काढलं, केस दोन बोटांनी मागं सारले आणि पांढरं बांधलं. गाठ घट्ट मारली. "झालं, अनार. शोक सुटला तुझा. आता तू मोकळी," ती म्हणाली, आणि कानाशी वाकून, पण हळू नव्हे, पुढं म्हणाली, "आता तुझ्या माणसांत जायला तुला कुणी अडवणार नाही."

मग सगळे पुलाव जेवले. पुलाव चांगला झाला होता, कुणीतरी तसं म्हणालंही.

दुसऱ्या दिवशी अनारकान विद्यापीठात गेली. एल्दियार अगायांनी फोटो बघितला, ओळ वाचली, आणि त्यांना हसू आवरणं कठीण गेलं. भला माणूस, आवरलं.

"तुम्ही म्हणालात अस्सल आहे," ती म्हणाली.

"आहेच, अपा. ही ओळच त्याचा पुरावा. खोटी कॉपी असं लिहीत नाही."

"तुम्ही म्हणालात थडगं काढा."

"काढा म्हणालो. कोरा असं नाही म्हणालो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "परवाना विद्यार्थ्याचा आहे. तुम्ही विद्यार्थी म्हणून त्यावर शिकत असाल तर सगळं कायदेशीर. काम केलंत तर नाही. अपा, तुम्ही उगाच विकत घेतलंत. बाजारातली फुकटची कॉपी वापरायची होती, एक अक्षर उमटलं नसतं."

परत कुठून काय मिळणार. डूल गेले ते गेले.

ताशमतनं तिचा दगड काढून टाकला तेव्हा एर्गेशनं तो कारखान्यात आणून भिंतीला तोंड करून उभा केला. बिचारा एर्गेश, त्याला तिच्याकडं बघवेना. "अपा, मी विचारायला हवं होतं," एवढंच तो म्हणत राहिला. तिनं त्याला दोष दिला नाही. दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं, पण तेवढं बरं वाटायला लावायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

आठवडाभरानं तोच तिच्या दारात आला. टोपी हातात, खालमानेनं.

"ताशमत अकानं तयार दगड घेतलाय. कठडा आणि बाक माझ्याकडं सांगितलाय. अपा, ड्रॉइंग काढणारं माझ्याकडं तुमच्याशिवाय कुणी नाही. नाही म्हणालात तरी चालेल."

"कशावर काढू? अस्सलवर की चोरीच्यावर?"

एर्गेश म्हणाला, "अकानं विचारलेलं नाही. स्वच्छ उतरायला पाहिजे, एवढंच म्हणाले."

तिनं काढलं. कठडा एका माणसाचा. आधी तिनं तो वीतभर जास्त रुंद धरला होता. मग आठवलं की ताशमत मोजणार, तेव्हा कमी केला. नंतर तिच्या जागेवरचा बाक. त्याची लांबी किती धरायची ते कुणी सांगितलं नव्हतं. अनारकान जमिनीवर आडवी झाली, टाचेपाशी खडूची खूण केली, डोक्यापाशी केली, उठून पट्टी लावली आणि तेवढाच धरला.

एर्गेश ते कागदावर उतरवून ताशमतला दाखवून आला. चारी कडा कोऱ्या होत्या, एक अक्षर कुठं नव्हतं. ताशमतला फार आवडलं. म्हणाला, बघा, जमतं की तिला. फक्त बाक आखूड करा, म्हणाला, एवढा लांब कशाला, मी एकटाच तर बसणार.

अनारकाननं तो आखूड केला.